तीन पाकिटं, चौथी बरणी

दिंद्रुड
१४ एप्रिल २०१६

दिलावर,

नमस्कार-चमत्कार काही न्हाई. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र ब्लॉक करता येत न्हाई. फाडता येतं. फाडशीलच. पण वास घेतल्याशिवाय तू काहीच फेकत न्हाईस, एवढं मला म्हाईत हाय.

पत्ता तुझ्या अब्बाकडून घेतला. चाँदचाचा माजलगावच्या स्टँडबाहेर टरबुजाचा गाडा लावून बसलते. 'तुज्याकडं फोन न्हाई का रे त्याचा?' म्हणले. मी म्हणलो, रेंज नसती.

पाडव्याला सहा दिवस झाले. तू दुसऱ्या दिवशीच पुण्याची यष्टी धरलीस. डिस्टिलरीच्या लॅबात तुझा पांढरा कोट खुंटीला तसाच हाय. मोहनराव साहेब म्हणले, काढ तो. मी काढला न्हाई. माफी मागतोय असं समजू नको. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं न्हाई.

माझं पहिल्यापासनं म्हणणं होतं, स्टाऊट करायची तर यीस्टचं निळं पाकीट. आयरिश. काळ्या बिअरचा जन्मच तिकडचा. तू म्हणलास, 'निळ्याला अठरा-वीस डिग्री लागती बे गहिन्या. आपल्याकडं मार्चात वीस डिग्री कुठं हाय? धरणात बसवतो का पिंप? धरणात तर पाणीच न्हाई.' मी म्हणलो मग लाल घे, इंग्लिश, चार दिवसात मोकळं. 'लाल कामचुकार हाय. अर्ध्यात जाऊन तळाला झोपतं, बिअर गोडमिट्ट राहती.' आन मग तू ते हिरवं काढलंस. अमेरिकन. 'ह्याला सोताचा वास न्हाई. पंचवीसपर्यंत गरमी सोसतं. यीस्टनं गप बसावं, भाजल्या ज्वारीला बोलू द्यावं. पाकिटावरचा देश काय बघतोस, डिग्री बघ.'

मी ऐकलं तुझं.

दोन वर्षं कारखान्याला गळीत न्हाई. ऊस न्हाई तर मळी न्हाई, मळी न्हाई तर डिस्टिलरी बंद. संचालक मंडळाला कधी न्हवं ते सुचलं, की ज्वारीचं काहीतरी काढून बघा. परवाना हायच, जमलं तर छोटं युनिट टाकू. आन ह्या दोन पोरांना पक्कं करू. दोन जागा, दिलावर. एक तुझी, एक माझी. त्यासाठी वीस लिटर काळी बिअर आपण हिरव्या पाकिटावर सोडली. आन पाडव्याच्या दिवशी चेअरमन सुंदररावांनी स्टीलच्या ग्लासातनं एक घोट घेतला, खिडकीतनं बाहेर थुंकला आन म्हणले, 'दवाखान्यात आलो का बे आपण? आयोडिनचा बोळा चोखल्यावानी लागतंय.'

दवाखाना कुठनं आला? ज्वारी आपण भिजवली, मोड आणले, वाळवली, भाजली. भांडी वाफेवर धुतली. पाणी उकळून निवलेलं, त्याचा प्रश्नच न्हाई. मग राहिलं काय? यीस्ट. पुस्तकातबी हाय की, यीस्ट बिघडलं की औषधाचा वास मारतं.

तिन्ही पाकिटांत थोडं थोडं उरलंय, रबर लावून फ्रीजमदी हाय. मी तीन बरण्या लावणार. एकच ज्वारी, एकच पाणी, तीन यीस्टं. मग बघू कोण बरोबर होतं.

गहिनीनाथ


दिंद्रुड
२८ एप्रिल

दिलावर,

उत्तर आलं न्हाई. वाट बघत होतो असंबी न्हाई.

बरण्या लावल्या. लॅबातच. घरी लावल्या असत्या तर आधी आई आली असती आन मागनं दारूबंदीवाले. लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या, दोन दोन लिटरच्या, तोंडाला फडकं. चिठ्ठ्या लावल्यात, निळी, लाल, हिरवी. ज्वारी तव्यावर मीच भाजली. तू भाजायचास तेव्हा मला सांगायचास, 'भाकरीचा पापुद्रा करपतो तिथपर्यंत ने, त्याच्याफुडं न्हेऊ नको.' मी जरा फुडं नेली. तू नाक घेऊन उभा नसलास की मला थांबायचं कळत न्हाई. आपलं ठरलेलंच होतं ना, तू नाक, मी जीभ. तू कधी थेंब घेतला न्हाईस, मी कधी वासावर बोललो न्हाई.

बाकी सगळं मार्चात केलं तसंच केलं. निम्म्या पाण्यात घट्ट काढा उकळला आन निवायला वरून निम्मं गार पाणी ओतलं. नळी गुंडाळून थंड करायची तर शे-दोनशे लिटर पाणी नुसतं वाहून जातं. एवढं पाणी आता कारखान्याच्या बोअरला न्हाई आन गावालाबी न्हाई. तुझीच युक्ती ती, ओतायची. चांगली हाय.

गावात टँकर एक दिवसाआड येतो. टाकीत सोडला की मी टीसीएल पावडर कालवतो, क्लोरीनची, मग कुलूप. जलसुरक्षकाचं काम म्हंजे काय, तर सकाळी गावाच्या शिव्या खायच्या आन दहानंतर लॅबात येऊन रिकाम्या पिंपांना पहारा द्यायचा. मार्चात वस्तीवर गॅस्ट्रो झालता, सात-आठ जण झोपले, आमच्या शेजारची छबुबाई तर जायचीच होती. तवापासनं ग्रामसेवक म्हणतो, डोस डबल ठेव. मी ठेवतो. आई म्हणते, 'आरं, भाकरीलाबी वास मारतोय.' मला तर येत न्हाई.

तर बरण्यांसाठी टाकीवरनं तीन लिटर आणलं होतं

म्हंजे घरच्या हंड्यातलं. हंडा टाकीवरचाच असतो, म्हणून तसं लिवलं.

गरमी बेचाळीस. बरण्यांभवती ओलं पोतं गुंडाळलंय, पोत्याला भांडी धुतलेलं पाणी. दुपारी आत तीस डिग्री होती. तिन्ही बरण्या उकळल्यासारख्या फसफसतायत. हिरवी सगळ्यात शांत हाय. तरीबी बघू.

मोहनराव साहेब भेटले. म्हणले, 'जूनला एक जागा भरायची हाय. तुझं नाव वर हाय.' एक जागा म्हणले.

गहिनीनाथ


माजलगाव, स्टँडवर बसून
८ मे

दिलावर,

काल बरण्या उघडल्या.

निळी चाखली. दवाखाना. लाल चाखली. दवाखाना. हिरवी चाखली.

म्हणलं माझी जीभच मेली असंल. पाडव्यापासनं तीच चव तोंडात बसली असंल. म्हणून तिन्हीतनं एक एक बाटली भरली, पिशवीत घातली आन सकाळच्या जीपनं माजलगावला आलो. तुझ्या घरी, तुझ्या अम्मीकडं. तू नसशील तर दुसरं नाक एकच हाय जगात, जिच्याकडनं तू घेतलंस ते.

अमीरबी चाची कैऱ्या निवडत बसलती. 'क्या रे गहिन्या, पूरा सूख गया रे तू.' मी बाटल्या काढल्या तशी मागं सरकली. 'या अल्ला! मेरे घर में ये क्या लाया मुर्दार?'

'पिनेका नहीं चाची. सूंघनेका हाय खाली.'

'सूंघने का गुनाह कम लगता क्या?' म्हणाली, पण पदर सावरून पुढं वाकली. तुझ्यासारखंच करती, डोळे मिटून. पहिली हुंगली. 'इसमें केला है. ज्यादा पका, काला पड़ेला.' ती निळी होती. दुसरी. 'इसमें गुड़ की बू है, कच्चा गुड़.' लाल. तिसरी लई वेळ हुंगली. 'इसमें कुछ नहीं. जली रोटी है, बस. येच अच्छी है.'

हिरवी.

मी म्हणलो, मग बास झालं चाची. ती म्हणाली, 'ठैर ना. तीनों में ऊपर से एकच बू है. पहले तो मेरेकू लगा तेरे कपड़ों की है.' आन तिनं माझा हात धरला, उलटा केला आन तळवा हुंगला.

'ये तो तेरे हाथ की बू है रे. टाकी की. वो सफेद पावडर की.'

मी हात काढून घेतला.

मग तिनं चहा ठेवला आन तुझं सांगितलं. पुण्याला जिथं लागलायस तिथं शेठ पिंपं धुवायला लावतो म्हणून. बिअर करायला घेतो म्हणला, पण कारखान्याचा अनुभवाचा कागद पाहिजे. त्यांनी इथं फोन लावला तर मोहनराव साहेबांनी रजिस्टरातला शेरा वाचून दाखवला, 'दिलावर याच्या चुकीच्या यीस्ट निवडीमुळे नमुना खराब झाला.' पाच जूनपर्यंत चांगला कागद आला तर ठीक, न्हाईतर दुसरा पोरगा तयार हाय.

'तू तो था ना वहाँ,' चाची म्हणाली. 'तेरे सामने का सब. तू बोल ना साब कू. तेरी सुनते ना वो?'

मी म्हणलो, बोलतो.

एक सांगायचं राहिलं. मार्चात बिअरीत वरून ओतायला दहा लिटर पाणी मी आणलं होतं, ते उकळून निवलेलं न्हवतं. उकळलेल्या पाण्याची घागर घरी उपडी झालती. घाई होती. म्हणून दुसरं आणलं.

जीप भरली. जातो.

ग.


दिंद्रुड
१० मे

दिलावर,

घागर उपडी झाली न्हवती.

आज सकाळी ओटी टेस्ट केली. नळीत टाकीचं पाणी, वर दोन थेंब. पाण्यात औषध किती हाय त्यावर रंग येतो. फिकट पिवळा आला की प्यायला बरं. रोज आलाच म्हणून मी वहीत लिवतो, नळी उजेडाला न धरता. आज धरली. पिवळा न्हाई, नारिंगी आला. संत्र्याच्या गोळीवानी. दीड महिना मी गावाला हे पाजतोय आन मला वास येत न्हाई, कारण माझ्या अंगालाच तो हाय.

आता नीट सांगतो. एकदाच सांगतो.

तू मला बजावलंतंस, ओतायचं पाणी उकळ, रात्रभर उघडं ठेव, मग आण. मी उकळलं. आमच्या घरचं पाणी, आमच्या वाट्याचं. पितळेच्या घागरीत ठेवलं, वर फडकं. सकाळी बघतो तर घागर न्हाई. आई म्हणाली, 'छबुबाईला नेऊन दिली. तिला रातभर उलट्या होत्या. डॉक्टर म्हणला उकळलेलंच पाजा, आन तिच्या घरी जळण न्हाई का पाणी न्हाई.' मी म्हणलो आये, ती घागर कामाची होती. ती म्हणाली, 'पाणी मागणाऱ्याला न्हाई म्हणतेत का रे? कोणत्या कामाची होती?'

बिअरीच्या, म्हणायला तोंड न्हवतं.

आमच्या हंड्यात तळ दिसत होता. तू लॅबात काढा उकळायला घातलता, मोहनराव साहेब अकराला बघायला येणार होते. आन माझ्या खिशात टाकीची चावी होती. सकाळचा टँकर नुकताच सोडलता, मी पावडर नुकतीच कालवलती, डबल. बाया अजून आल्या न्हवत्या. मी कुलूप उघडलं, पाच पाच लिटरचे दोन कॅन भरले आन गाडीला बांधले. गावाच्या प्यायच्या पाण्यातनं. रांग लागायच्या आधी.

तू विचारलंस, 'उकळून ठेवलेलं हाय ना?' मी म्हणलो, 'मग काय.'

मला वाटलं पाणी ते पाणी. पावडर गॅस्ट्रोला मारती, बिअरीला काय करणार? हे खरंच वाटलं मला. इथवर मी तुला खोटं बोललो एवढंच.

पण पाडव्याचं तसं न्हाई. सुंदरराव थुंकले. साहेबांनी विचारलं, 'यीस्ट कुणी निवडलं?' मी म्हणलो, 'दिलावरनं.' खरं बोललो. पाण्याचं कुणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. कारण त्या घोटाबरोबर मला पहिल्यांदा शंका आलती. आयोडिन म्हणले ना ते, तेव्हा. मी ती शंका तिथंच गिळली. मग तो संचालक रामकिसन दात कोरत म्हणला, 'जे पीतच न्हाई त्याला दारूतलं काय कळणार वो? उद्या खाटकाला पूजेला बसवा!' सगळे हसले.

मीबी हसलो. तू माझ्याकडंच बघत होतास.

पत्र मी रोज लिवायला बसत होतो ते यीस्टसाठी न्हवतं.

हे पाणी काय होतं ते साहेबांना सांगायचं म्हंजे टाकीचं सांगावं लागणार. गावाचं पाणी बिअरीत. दुष्काळात. तुला ठाव हाय गाव काय करंल. मार्चातच दोन बायांनी एका हंड्यावरनं एकमेकीची डोकी फोडलती.

चौथी बरणी लावतो. हिरवं यीस्ट, उकळून दोन दिवस उघडं ठेवलेलं, पावडर उडून गेलेलं पाणी. आमच्या वाट्याचं.

गहिनी


दिंद्रुड
२५ मे

दिलावर,

तुला घाई हाय म्हाईत हाय. अकरा दिवस राहिले.

चौथी बरणी मुरली. गाळून दोन बाटल्यांत भरली. एक घेऊन काल साहेबांच्या केबिनात गेलतो. बरोबर जुन्या हिरव्याचीबी नेली. म्हणलं साहेब, दोन्ही चाखा.

साहेबांनी पहिलीला तोंड वाकडं केलं. दुसरीचा घोट घेतला, थांबले, परत घेतला. चष्मा काढला. 'आयला,' म्हणले. 'हुरडा करपल्यावानी हाय. पण चांगला करपलाय. हे कोणतं यीस्ट?'

'तेच साहेब. दिलावरचं. दोन्हीत तेच हाय.'

'मग?'

सांगितलं. सगळं न्हाई सांगितलं. पाणी बदललं म्हणून सांगितलं. टीसीएलचं. मोहनराव साहेब चाळीस वर्षं ह्या धंद्यात हायत, त्यांनी अर्ध्या मिनिटात धरलं. 'टीसीएल कारखान्याच्या पाण्यात न्हाई. तुमच्या घरी हंड्यात एवढं न्हाई राहत. ताजं असणार. टाकीतलं का?'

मी बाटलीला बूच लावायला लागलो.

'चावी तुझ्याकडंच असती ना रे?'

मी मान हलवली. साहेबांनी दार लावून घेतलं.

दिलावर, माणूस वाईट न्हाई. वाईट असता तर सोपं झालं असतं. म्हणले, 'बस. हे बघ. रजिस्टरातला शेरा मला असा खोडता येत न्हाई. चेअरमनच्या सह्या हायत. खोडायचा तर कारण लेखी पाहिजे, तुझ्या सहीनं. आन तो कागद मंडळाच्या फायलीला लागणार. मंडळात तुमच्या गावचे दोघं हायत. संध्याकाळपर्यंत गावात जाईल.' मग म्हणले, 'दुसरं एक करू. तू लिव, कारण समजून आले नाही. मी दिलावरला साधा कागद देतो. काम समाधानकारक म्हणून. तुझंबी राहतं, त्याचंबी भागतं.'

'साधा कागद चालंल का साहेब त्याला? त्यांनी तर शेरा ऐकलाय फोनवर.'

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. 'न्हाई चालणार बहुतेक,' म्हणले. 'पण त्याचं पुणं हाय. दुसरीकडं लागंल. तू कुठं जाशील? जूनची जागा एकच हाय, आन टाकीतलं पाणी चोरणाऱ्याला मी लॅबात घेऊ शकत न्हाई. कळतंय ना?'

मला कोरा कागद देऊन पाठवलंय. एक तारखेपर्यंत.

आईला सांगितलं. म्हणलं आता शिव्या देईल. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, 'मी घागर दिली त्याच्यात माझी चूक झाली का?' मी म्हणलो न्हाई. 'मग तू कावून माझ्यावानी सांगून न्हाई घेतलंस? पाणी दिलं तर मी छबुबाईच्या दारात सगळ्यांदेखत दिलं. तू सगळ्यांच्या आधी जाऊन नेलंस.'

कोरा कागद समोर हाय. तुला पत्र लिवता येतंय. साहेबांना लिवता येईना.

गहिनी


दिंद्रुड
३ जून (शेवटचं माजलगावात, तुझ्या घरी बसून)

दिलावर,

पाच ओळी झाल्या फक्त. ह्याच्यासोबत झेरॉक्स हाय, वाच. 'वीस लिटरपैकी दहा लिटर पाणी मी गावच्या टाकीतून, टीसीएल टाकल्यावर लगेच, कोणासही न विचारता नेले. यीस्टची निवड बरोबर होती. मला शंका येऊनही मी हे मंडळापुढे सांगितले नाही.' शेवटची ओळ साहेब म्हणले नसली तरी चालंल. मी ठेवली.

एक तारखेला दिला. दोनला ग्रामसभा. साहेब म्हणले तसं संध्याकाळपर्यंत थांबावं न्हाई लागलं, दुपारीच गावात पोचलं.

मारुतीच्या पारावर सगळं गाव. बाया पहिल्यांदाच पुढं बसल्या होत्या, हंडे घेऊन. धोंडीराम उभा राहिला, 'आमी इथं हंड्याला नंबर लावून उन्हात मरतोय आन ह्यो आमच्या पाण्याची दारू गाळतोय! पावडरीच्या नावाखाली!' कुणीतरी मागनं चप्पल फेकली, ती सरपंचाला लागली. त्यावर हसलं कुणी न्हाई, एवढ्यावरनं समज. मी म्हणलं, दहा लिटर नेलं. आन बरण्यांसाठी परत एप्रिलमदी तीन लिटर. ते तीन कुणालाच म्हाईत न्हवतं, साहेबांनाबी न्हाई. तुलाच अर्धं लिवलं होतं.

तेव्हा छबुबाई उठली. काठीवर. म्हणाली, 'त्याची घागर माझ्या दारात आलती म्हणून त्यानं टाकी उघडली. ते पाणी मी पिले. माझ्या नावावर लिवा आन सोडा पोराला.'

दिलावर, खरं सांगतो, एक क्षण वाटलं धरावं हे. सुटतोय. पण मग म्हणलं, 'मावशी, तुमी पिलात ते आमचं होतं. मी नेलं ते गावाचं होतं.'

टाकीची चावी शहादेवकडं गेली. आमच्या घरचा नंबर रांगेत सगळ्यात शेवटी, पाऊस पडेपर्यंत. आई आज सकाळी हंडा घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली. छबुबाई आपला नंबर सोडून तिच्या मागं येऊन उभी राहिली. दोघी बसल्या उन्हात तंबाखू मळत. लॅबातलं माझं काम तीस तारखेला संपतंय. डोस मी शहादेवला दाखवून दिलाय, नळी उजेडाला धरायला सांगितलंय.

साहेबांनी शेरा लाल शाईनं खोडला, खाली सही, शिक्का. तुझा कागद टाईप केला त्यात एक ओळ त्यांनी सोताहून घातली, 'उष्ण हवामानासाठी यीस्ट निवडण्याचे उत्तम ज्ञान.' कागद आज मी अमीरबी चाचीच्या हातात दिला. उद्या पहाटेच्या यष्टीनं ती पुण्याला निघतीय, सोताच देणार म्हणती, पोष्टावर भरवसा न्हाई तिचा. हे पत्रबी संपलं की तिच्याच पिशवीत घालतो, कैऱ्यांखाली. तिला पारावरचं कळलंच असंल, माजलगाव किती लांब हाय. पाकीट घेताना तिनं माझा हात धरून ठेवला, तळवा वर केला आन हुंगला.

'अभी है,' म्हणाली. 'थोड़ी.'

पाकिटांचं एक सांगतो. निळं केळ्यावर गेलं, लाल गुळावर गेलं, हिरवं गप बसलं. चाचीनं सांगितलं तसंच. तू सांगितलं तसंच.

चौथ्या बरणीची दुसरी बाटली मी उघडली न्हाई. साहेबांनी चांगली म्हणलं खरं, पण साहेबांना मळीच्या दारूची सवय. मी चाखून सांगू शकतो, कडू किती, गोड किती. वासाचं मला कळत न्हाई, कधीच कळत न्हवतं, ते आता गावालाबी म्हाईत झालंय. लॅबात तुझ्या कोटाखाली कोपऱ्यात ठेवलीय, ओल्या पोत्यात. पोत्याला पाणी आमच्या वाट्याचं. आत अजून यीस्ट जिवंत हाय, आन काच जुनी हाय. चाळीस डिग्रीत किती दिवस दम धरंल सांगता येत न्हाई. तीस तारखेपर्यंत लॅबाची चावी माझ्याकडं हाय.

तू ये असं मी म्हणत न्हाई. ती फुटली तर फुटू दे. मी झाडून काढीन.

पोतं मात्र रोज भिजवतोय.

गहिन्या